खोटा दगड

कुत्रं मला चालताना चावलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात, बिल्डिंगमध्ये आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर उलटीच बातमी फिरली. "एकटी कुठं कुठं चालत जाते ना, मग चावणारच!" अहो, कुठलं चालणं आणि कुठलं काय! मी आमच्या चिखलोलीच्या बिल्डिंगच्या गेटाशी उभी होते. हातात भाजीची पिशवी. त्यातली कोथिंबिरीची जुडी खाली पडली, ती उचलायला वाकले, तेवढ्यात एका उभ्या स्कूटरच्या आडून एक कुत्री आली आणि पोटरीला चावली. त्याआधीच्या दोन हिवाळ्यांत मी मांडव्यापासून अलिबागपर्यंत समुद्राच्या कडेकडेनं चालत गेले होते, तुकड्या-तुकड्यानं. वाटेत कुत्री भेटली, बैल भेटले, माजलेले बोकड भेटले. एकानंही मला दात लावला नव्हता. चावलं ते घरच्या दारात.

पण ऐकतो कोण?

माझा मुलगा ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून पळत आला. मला दवाखान्यात नेलं, इंजेक्शन देववलं, सगळं प्रेमानं केलं, नाही म्हणत नाही. पण रिक्षातून उतरता उतरताच म्हणाला, "आई, आता बस्स. ते समुद्राबिमुद्राचं चालणं बंद."

"त्याचा आणि ह्याचा काय संबंध?"

"संबंध आहे. इथं आम्ही होतो म्हणून. तिकडं कुणी असतं का?"

आमचे हे सोफ्यावरून म्हणाले, "मुलगा बरोबर बोलतोय." टीव्हीवरची नजर काढली नाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांचं मत नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी मताला टेकूनच उभं असतं.

मी म्हटलं, "मी काय शाळेतली पोरगी आहे बंद करायला?" पण पोटरीला बँडेज होतं आणि अंगात ताप भरत होता. त्या दिवशी माझ्या बोलण्याला वजन नव्हतं.

आता हे चालण्याचं खूळ कुठून आलं, ते सांगते. मी उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला होते. टेबलाशी दिवसभर उभं राहायचं, पँट उलटी करायची, शिलाई बघायची, धागे कापायचे, बाजूला टाकायची, पुढची घ्यायची. माझे पाय आयुष्यभर एकाच जागी उभे राहून दुखले. एवढे दुखले, पण कुठं गेले नाहीत. समुद्र बघितला तोसुद्धा चौपाटीवर, मुलाला भेळ खायला नेलं होतं तेव्हा, आणि पाठीमागून कुणीतरी सारखं "चला, उशीर होतोय" म्हणत होतं. काम सुटलं तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. समुद्र असा बघायचा की मागून कुणी "चला" म्हणणार नाही. मीच मला म्हणेन, आणि मनात येईल तेव्हा म्हणेन.

म्हणून ठरवलं, दर हिवाळ्यात एक तुकडा. जिथं थांबले तिथून पुढं. गोव्याची हद्द आली की थांबेन, तेही तोवर दमले असले तर. ह्या खेपेला अलिबाग ते मुरुड. कुत्री चावली तेव्हा पावसाळा संपत आला होता आणि माझी पिशवी मनातल्या मनात भरूनही झाली होती.

घरात दुसरा विषय सुरू झाला त्या कुत्रीचा. मुलगा म्हणाला, "मी टेम्पोवाल्याशी बोललोय. बारवी डॅमच्या बाजूला सोडून येईल तिला." बिल्डिंगमधले चार जण लगेच माना हलवायला तयार. मी म्हटलं, खबरदार. रोज संध्याकाळी हात जोडून पंचशील म्हणतो ना आपण? त्यातलं पहिलंच काय आहे? प्राणिमात्राची हिंसा करणार नाही. मग तिला अनोळखी जंगलात टाकून यायचं आणि आल्यावर पुन्हा हात जोडायचे? असलं माझ्या घरात चालणार नाही. चावली ती मला चावली. मला तक्रार नसेल तर तुम्ही कोण तक्रार करणारे?

"तू पण ना, आई," मुलगा म्हणाला, पण टेम्पो आला नाही.

एवढी मी बोलणारी. आणि मग जे झालं ते मी कुणालाच सांगितलं नाही, आज सांगते. जखम भरली, इंजेक्शनं संपली, एका सकाळी बूट घालून मी खाली उतरले. रस्त्याच्या पलीकडं एक कुत्रं झोपलं होतं. कुठलं तरी म्हातारं, अंगावर खरूज, डोळेसुद्धा उघडत नव्हतं. आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. अक्षरशः हलेनात. मी गेटाला धरून उभी राहिले आणि मग गुपचूप वर गेले. ह्यांनी विचारलं, "इतक्यात आलीस?" मी म्हटलं, "मोबाईल विसरले." मोबाईल हातातच होता. ह्यांनी बघितला नाही, हे माझं नशीब.

मला इतका राग आला होता म्हणून सांगू! घरच्यांनी अडवलं असतं तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. पण माझेच पाय मला अडवायला लागले, तर मी भांडू कुणाशी? आणि एक गोष्ट स्वच्छ कळत होती. ह्या हिवाळ्यात गेले नाही तर मी कधीच जाणार नाही. पुढच्या वर्षी घरच्यांना काही बोलावंच लागणार नाही, मीच म्हणेन, जाऊ दे, आता वय झालं. मग उरलेलं आयुष्य गॅलरीतून खाली बघण्यात जाईल. तसं जगणाऱ्या बायका आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक मजल्यावर आहेत.

मी उल्हासनगरला जाऊन नवे बूट घेतले. आधी बूट, मग हिंमत, असा माझा हिशेब. दुकानदार सिंधी, माझ्या कामाच्या दिवसांपासून तोंडओळखीचा. म्हणाला, "माताजी, फर्स्ट कॉपी है, लेकिन ओरिजिनल रोएगा इसके सामने." मी म्हटलं, "समंदर के किनारे टिकेगा क्या?" तो म्हणाला, "समंदर खतम हो जाएगा, सोल नहीं खतम होगा." काय ते बोलणं! तेवढ्यावरच घेतले.

मग सुरुवात केली नदीपासून. चिखलोलीतून कुळगावातनं बदलापूर गावाकडं, आणि तिथून उल्हास नदीच्या कडेनं. पहिल्या दिवशी पुलापर्यंतच गेले. तिथं म्हशी पाण्याकडं उतरत होत्या, सगळी वाट भरून. मागून येणारी गावातली बाई मला म्हणाली, "बाय, इतक्या सकाली कुठं चालली? थांब जराशी, त्या जातील मंग जा." थांबले. म्हशी अंगाला अंग घासत बाजूनं गेल्या, त्यांच्या नाकातला गरम वाफारा माझ्या कोपराला लागला. एक म्हैस थांबली, माझ्याकडं बघत राहिली आणि मोठ्यानं श्वास सोडून निघून गेली. माझ्यासारखीच वैतागलेली वाटली. मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी घराबाहेर हसले.

नंतरच्या दिवसांत पुलाच्याही पुढं गेले, तर तिथं वीटभट्ट्यांची कुत्री. तो खरा पेपर होता. एक तांबडं कुत्रं भुंकत सुटलं माझ्याकडं आणि माझे पाय पुन्हा गेटाशी थांबले होते तसेच थांबले. पण ह्या वेळी हातांनी आपलं काम केलं. कंबर आपोआप वाकली, हात जमिनीला टेकला, मूठ वळली. ते कुत्रं शेपूट घालून भट्टीमागं पसार!

आता ही आमच्याकडची विद्या. उल्हासनगर, अंबरनाथमध्ये वाढलेल्या कुणालाही विचारा. चालायला लागण्याआधी पोर हे शिकतं. कुत्रं अंगावर आलं की वाकायचं आणि दगड उचलल्यासारखं करायचं. दगड असायला पाहिजे असं काही नाही. खाली काँक्रीट असो, फरशी असो, कुत्र्याला तेवढं कळत नाही, ते पळतं. मी ह्याला खोटा दगड म्हणते. लहानपणापासून मी शेकडो खोटे दगड उचलले असतील, खरा एकही मारला नाही. त्या दिवशी भट्टीशी तो खोटा दगड हातात आला आणि मला वाटलं, बस्स, परत आलं सगळं. घरी येताना मी गुणगुणत होते.

डिसेंबर लागला. निघायच्या दिवशी मुलगा दारात आडवा उभा. "आई, मी सांगतोय तरी तू ऐकत नाहीस?"

"नाही ऐकत."

"काही झालं तर?"

"झालं तर फोन करीन. बाजूला हो."

"बाबा, तुम्ही तरी सांगा!"

ह्यांनी पहिल्यांदा टीव्ही बंद केला. मला वाटलं, आता काहीतरी ऐतिहासिक ऐकायला मिळणार. म्हणाले, "डबा घेतलास का?" मी घेतला होता. मुलगा बाजूला झाला.

अलिबागहून चालायला लागले तेव्हा ऊन कोवळं होतं आणि ओहोटी. ओल्या वाळूवर चालणं सोपं जातं, कोरडी वाळू पाय ओढून धरते. आक्षी गेलं, नागाव आलं. नागावच्या पुढं किनाऱ्यावर गुरं बसली होती. उन्हाच्या वेळी गावातली गुरं तिथं वाऱ्याला येऊन बसतात, माश्या लागत नाहीत म्हणून. सगळ्यांची तोंडं समुद्राकडं, आरामात रवंथ. मधोमध एक वळू, हा एवढा! त्याच्या आणि लाटांच्या मधून जायची वाट फार तर हातभर. मी हळूहळू चालत म्हणाले, "बसा, बसा, उठू नका, मी आपली चाललेच." त्यानं कान हलवला आणि डोळे मिटले. एवढा मान मला आमच्या घरात मिळत नाही.

रेवदंड्यात एका घरी राहिले. खोल्या देतात तिथं. घरमालकीण जेवण वाढता वाढता म्हणाली, "आडनाव काय म्हणालात?" मी म्हणालेच नव्हते. ती का विचारते हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. मी आडनाव सांगितलं, गावही सांगितलं, आणि वर "जयभीम" म्हटलं, ठणठणीत आवाजात. ती "हो का" म्हणाली आणि आत गेली. मी पोटभर जेवले. मासे चांगले झाले होते, त्याबद्दल खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी साळावचा पूल ओलांडला, कोर्लई मागं टाकली. एका ठिकाणी किनारा संपून खडक लागले, म्हणून मी सुरूच्या झाडांमधून आत शिरले आणि कापलेल्या भातशेतांच्या बांधावरून चालायला लागले. भात निघाल्यावर धनगर घाटावरून खाली उतरतात, रिकाम्या शेतात मेंढरं बसवतात. आमच्या बदलापूरकडंही येतात. पुढच्या शेतात तसाच एक कळप होता. मी बघत बघत चालले होते. एवढी मेंढरं एकदम पाहिली की बरं वाटतं, का ते माहीत नाही.

तेवढ्यात कळपातून दोन कुत्री सुटली. आमच्या गल्लीतल्यासारखी नव्हेत. उंच, केसाळ, छाती रुंद. भुंकतही नव्हती. नुसती धावत होती, सरळ माझ्याकडं.

मी वाकले. दुसरं काय करणार? जन्मभर तेच केलं. हात बांधाला टेकला, मूठ वळली, खोटा दगड उचलला.

ती थांबली नाहीत. उलट जोर केला. मी आणखी खाली वाकले, ह्या वेळी खरंच ढेकूळ शोधायला लागले, आणि पुढचा कुत्रा आता इतका जवळ होता की त्याचा वरचा ओठ मागं गेलेला दिसला. मला पोटरीची जखम आठवली. मुलाचा चेहरा आठवला. "सांगितलं होतं," असं म्हणणारा.

"वाकू नगंऽऽ!" शेताच्या पलीकडून एक बाई जीव तोडून ओरडली. "वाकू नगं गं बये! हुबी ऱ्हा! नीट हुबी ऱ्हा!"

वाकलेलं असताना सरळ होणं म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं. अंगातलं प्रत्येक हाड म्हणत होतं, खाली राहा. मी उठले. मूठ उघडली, दोन्ही हात अंगालगत ठेवले आणि उभी राहिले. कारखान्यात उभी राहायचे तशी. हलले नाही.

कुत्री माझ्यापासून जेमतेम काठीभर अंतरावर थांबली. गुरगुरली. एकानं माझ्या भोवती अर्धी फेरी घातली. मी समोर बघत राहिले. पाय लटलट कापत होते, कापू देत म्हटलं, फक्त जागा सोडू नका. मग ती बाई धापा टाकत आली, कुत्र्यांना काहीतरी म्हणाली आणि ती दोन्ही मागं वळली, जणू काही झालंच नव्हतं.

"वाकलात कशापायी?" तिनं विचारलं.

"आमच्याकडं वाकलं की पळतात."

ती हसली. चांगली खळखळून हसली, आणि मला राग नाही आला. "ही कुटं पळत्याल? लेकरं हाईत न्हवं मागं."

मी बघितलं. कुत्र्यांच्या मागं, बाजेच्या सावलीला जाळीखाली कोकरं होती, नुकतीच झालेली, पाय सरळ टाकता न येणारी. माझ्या वाकण्यात त्या कुत्र्यांना एकच गोष्ट दिसली होती. ही बाई दगड उचलतेय आणि मागं कोकरं आहेत.

तिथं बांधावर बसून पाणी प्यायले तेव्हा मला आमचं गेट दिसलं. ती स्कूटर दिसली. स्कूटरच्या मागं, वॉचमनच्या फाटक्या गोणपाटावर, काय होतं? पिल्लं होती. सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं, मलाही माहीत होतं, पोरं त्यांना बिस्किटं घालायची. आणि मी त्यांच्यासमोर कोथिंबिरीसाठी वाकले होते, हात जमिनीला लावून. आईनं दुसरं काय करायचं? मीही तेच केलं असतं. मी तर त्याहून जोरात चावले असते.

तिथून मुरुडपर्यंत माझ्यात आणि समुद्रात कुणी आलं नाही. काशीदला कुत्री आली, मी उभी राहिले, ती वास घेऊन गेली. प्रत्येक वेळी भीती वाटली. प्रत्येक वेळी उभी राहिले. मुरुडच्या वाळूत बूट काढून बसले आणि हवा तेवढा वेळ समुद्र बघितला. मागून कुणीही "चला" म्हणालं नाही. मला रडू आलं, आणि मी रडू दिलं.

घरी पोहोचले ती संध्याकाळ होती. मुलगा गेटाशीच उभा, बहुतेक बराच वेळ. मला बघून पुढं आला आणि त्याच वेळी स्कूटरच्या आडून ती कुत्री बाहेर आली. पिल्लं आता मोठी झाली होती, दोन तिच्या मागोमाग.

मुलगा झटकन वाकला. हात जमिनीवर. तिचे कान मागं गेले, दात दिसले.

"सरळ हो," मी म्हणाले.

"अगं आई, ती परत चावेल तुला!"

"सरळ हो म्हणते ना! हात रिकामा दाखव तिला आणि उभा राहा!"

लहानपणी रस्ता ओलांडताना ज्या आवाजात ओरडायचे त्याच आवाजात ओरडले. तो चाळिशीकडं झुकलेला माणूस, पण उठला. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो. ती माझ्याजवळ आली. माझी पोटरी तिच्या तोंडाशी, तीच पोटरी. तिनं माझे बूट हुंगले, किती तरी वेळ हुंगले. त्यांना खारं पाणी लागलं होतं, मेंढरांची लेंडी लागली होती, परक्या कुत्र्यांचा वास लागला होता. मग ती मागं फिरली आणि पिल्लांपाशी जाऊन बसली.

मुलानं श्वास सोडला. "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली ना. खूप वाटली."

तो माझ्याकडं बघत राहिला, मग बॅग घ्यायला हात पुढं केला.

मी बॅग दिली नाही. अलिबागपासून मुरुडपर्यंत मीच वाहिली होती, आता जिनाच तेवढा राहिला होता. "पुढच्या वर्षी मुरुडपासून पुढं," मी म्हणाले आणि त्याच्या आधी वर चढायला लागले.